टिटवीच्या नावानं लावलेला बोर्ड

मी मत्सरी माणूस आहे हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं, तेही नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये गळ्यात शिट्टी अडकवून बसलेलो असताना. त्याआधी माझा समज होता की मी शिस्तप्रिय आहे.

ती नदी जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडनं चाकसू ओलांडून आत वळलं की लागते. नदी आपली म्हणायची. वर्षातले आठ महिने तिच्यात वाळूच असते. पण एका गावापाशी तिच्यावर एनिकट आहे, म्हणजे पात्राला आडवा बांधलेला ठेंगणा पक्का बंधारा, आणि त्याच्या मागे मैलभर पाणी भर उन्हाळ्यातही टिकून राहतं. त्या मैलभर पाण्यावर सगळ्यांचा डोळा. जयपूरहून गाड्या घेऊन गळ टाकायला येणारे हौशी, होडीत बसून फोटो काढणारी कुटुंबं, गावातल्या धुणं धुणाऱ्या बायका, त्यांच्या म्हशी. एका रविवारी एका हौशी गृहस्थाचा गळ होडीतल्या बाईंच्या ओढणीत अडकला आणि प्रकरण हातघाईवर आलं. मग पंचायतीनं नदीसाठी समिती नेमली. तिच्यात शहरातला एक लिहिता-वाचता, रिकामा माणूस हवा होता. मी विमा कंपनीतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये बायकोला डाळींचे डबे कसे लावावेत हे शिकवत होतो. माझं नाव कुणी सुचवलं ते मला कधी कळलं नाही. बायकोनंच सुचवलं असणार असा माझा संशय आहे.

काम मी मनापासून केलं, हे शत्रूही कबूल करेल. शनिवार-रविवार सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत गळवाल्यांची वेळ, दहा ते पाच होड्यांची. दोन वल्ह्याच्या होड्या, चार पायडलच्या. जाकीट घातल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवायचा नाही. पाण्यात नारिंगी तरंगत्या डब्यांची दोरी, तिच्या पलीकडे होडी गेली की माझी शिट्टी. गावच्या बायकांचा घाट आणि म्हशींची वाट यांच्यात कुणी गाडी लावायची नाही. आणि माझा सगळ्यात लाडका नियम असा, की पकडलेला मासा ओल्या हातानं धरायचा आणि जिवंत परत पाण्यात सोडायचा.

हा नियम ऐकून गावातली माणसं तोंडावर उपरणं धरून हसली. घरी बायको म्हणाली, "पकडायचा आणि सोडायचा? मग पकडायचा कशाला?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं ते."

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माझ्या त्या वाक्यातला मूर्खपणा कुणाच्या लक्षात येणार नाही. आम्ही लातूरकडचे, घर पूर्ण शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. ती मालवणच्या वरची, आचऱ्याच्या खाडीकाठची. मुंबईच्या ऑफिसात आम्ही एका टेबलाला समोरासमोर बसायचो, त्यातून लग्न. माझ्या आईनं फार खळखळ केली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी चांगली आहे. फक्त घरात मासा नको, आणि ते हेल काढून बोलणं नको." दोन्ही गोष्टी तिनं उंबऱ्याबाहेर ठेवल्या. पुढं माझी बदली जयपूरला झाली, तिनं नोकरी सोडली, आई आमच्याजवळ राहिली आणि इथंच वारली. तोवर तीस वर्षं उलटून गेली होती. नातेवाइकांत मी कौतुकानं सांगायचो, "आमच्या हिनं लग्नानंतर माशाचं नावसुद्धा काढलं नाही. आणि भाषा तर सहा महिन्यांत सुधारली." ती शेजारी बसलेली असायची. हसायची. मला ते हसणं संमतीचं वाटायचं.

समितीच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती एकदा सहज माझ्याबरोबर नदीवर आली. घरात रंगकाम चाललं होतं आणि रंगाच्या वासानं तिचं डोकं दुखत होतं, एवढंच कारण. मी तिला शेडमध्ये खुर्ची दिली, थर्मास दिला, वर्तमानपत्र दिलं. अर्ध्या तासानं पाहतो तर खुर्ची रिकामी. ती पाण्याच्या कडेनं चालत वळणापर्यंत गेली होती. तिथं एक वाकडी बाभूळ पाण्यावर झुकलेली आहे आणि तिच्या सावलीत पाणी खोल आहे. त्या सावलीत एक माणूस गळ टाकून बसला होता, आणि ती त्याच्या शेजारी उभी राहून पाण्याकडे बघत होती.

तो सुभेदार. फौजेतून निवृत्त, बायको वारलेली, मुलगा जयपूरच्या छावणीत अधिकारी म्हणून आलेला, आणि म्हातारा त्याच्याकडे राहायला. उंच, काळा, टोपीखाली पांढरे केस. त्याचा परवाना मीच लिहिला होता. अर्जात मूळ गाव मालवण लिहिलेलं मी वाचलं होतं आणि त्यावर कसलाही विचार केला नव्हता.

मी जवळ गेलो तेव्हा तो तिला विचारत होता, "खंयची गो तू बाय?"

"आचऱ्याची."

"आचऱ्याची? मगे इतकी वर्सां खंय होतंस?"

आणि माझी बायको हसली. ते हसणं मी ओळखत नव्हतो. पोटातून आलेलं, मान मागं टाकून, आवाजाची लाज न बाळगता. ती म्हणाली, "काय सांगू तुमका सुभेदारांनू, हय वाळवंटात सुकत घातल्यानी माका."

मी घसा खाकरला. दोघांनी वळून पाहिलं. सुभेदार ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "या साहेब, बसा. आज वारा जरा जास्त आहे." स्वच्छ, पुस्तकी मराठीत. बायको म्हणाली, "अहो, हे आमच्याकडचे निघाले." तीही माझ्या मराठीत. एखाद्या घरात पाहुणा आला की दिवाणावरची चादर सारखी करतात, तशी दोघांनी भाषा सारखी केली. तो पाहुणा मी होतो.

पुढच्या शनिवारी ती माझ्याआधी तयार होती. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं कणीक मळून घेतली होती, त्यात हिंग घालून, कारण सुभेदारानं सांगितलं होतं की इथल्या रोहूला हिंगाचा वास आवडतो. माझ्या आईच्या डब्यातला हिंग! महिन्याभरात तिच्या हातात गळाची काठी आली. आणि मला कळलं की तिला ते शिकवावं लागलंच नव्हतं. आठव्या वर्षापासून ती खाडीवर भावाबरोबर गरवायला जायची, गरवणं म्हणजे तिकडं गळानं मासे धरणं. एवढी वर्षं माझ्या घरात राहून ही गोष्ट तिनं मला सांगितली नव्हती. मी विचारली नव्हती हेही खरं, पण त्या वेळी मला फक्त पहिलं अर्धं सुचलं.

मी शेडमधून बघायचो. समितीनं दुर्बीण घेऊन दिली होती, होड्यांवर नजर ठेवायला. होड्यांचे नियम त्या काळात किती मोडले गेले असतील ते देव जाणे, कारण दहा वाजून गळ गुंडाळला तरी दोघं तिथंच गप्पा मारत बसायची आणि दुर्बीण बाभळीकडेच असायची. तो तिला चहा ओतून द्यायचा. ती गळाला मासा लागला की उभी राहून माशाशी बोलायची, "ये मेल्या, ये, खंय जातंस," आणि तो बाजूनं ओरडायचा, "ओढू नको गो, सुटतलो!" मासा बाहेर आला की हात ओले करून दोघं तो नीट धरायचे, क्षणभर बघायचे आणि सोडून द्यायचे. माझा नियम इतक्या प्रेमानं दुसरं कुणी पाळलं नाही. तेही मला खुपायचं.

यात वावगं काही नव्हतं, हे मला त्या वेळीही ठाऊक होतं. तो तिला बाय म्हणायचा, तिकडं लेकीबहिणीला म्हणतात तसं, ती त्याला वडीलधाऱ्याचा मान द्यायची. वावगं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. माझं दुखणं वेगळं होतं. तिचं जे उत्तम होतं ते त्याला मिळत होतं, आणि मला परत येताना गाडीत मिळायचं ते एवढंच: "भाजी घ्यायची का वाटेत?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बंगलोरला असलेल्या मुलीला मी फोनवर आडून आडून सांगून पाहिलं. तिचं मराठी तोडकंमोडकं, पण नेमकं. म्हणाली, "बाबा, मतलब आई खूश आहे ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम मी होतो, पण तो नियमात बसवायचा कसा?

तो मार्ग मला टिटवीनं दाखवला. उन्हाळा सुरू झाला तसं बाभळीच्या आसपास टिटव्या फार ओरडायला लागल्या. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांतच अंडी घालते, आणि कुणी जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते, एवढं मला पक्ष्यांच्या पुस्तकातून माहीत होतं. अंडी मी पाहिली नव्हती. शोधलीही नव्हती. समितीच्या बैठकीत मी म्हणालो की वळणापाशी टिटवीची अंडी आहेत, तेवढा काठ उन्हाळाभर बंद करायला हवा. सरपंचांनी विचारलं, "आपने देखे?" मी म्हणालो, "चार." पुस्तकात चार लिहिलं होतं. बाभळीपासून जुन्या पंपघरापर्यंतची रेघ नकाशावर मी स्वतःच्या हातानं, पट्टी लावून मारली. दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला: टिटहरी प्रजनन क्षेत्र, यहाँ बैठना व मछली पकड़ना मना है. तो रंगवून घेताना मला जे समाधान झालं ते निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

शनिवारी दोघं बोर्डापाशी आली, वाचलं, आणि वळली. बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. मला वाटलं, आता ती खुर्चीत येऊन बसेल. पण गळ टाकायला परवानगी असलेली दुसरी खोल जागा एकच होती, आणि ती नेमकी माझ्या शेडच्या खाली, पंधरा पावलांवर. दोघं तिथं येऊन बसली. आधी मला ती नुसती दिसायची, आता ऐकूही यायला लागली, आणि अर्धं कळायचं नाही. एकदा दोघंही खूप हसली आणि त्यात "साहेब" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. दिवसभर माझं जेवणावर लक्ष नव्हतं.

पण खरी फजिती पुढंच होती. बाहेरच्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. टिटवीनं अंडी कुठं घातली यावर तिथं पावसाचा अंदाज बांधतात. उंचावर घातली तर पाऊस भरपूर, नदीच्या पात्रात खोलगट जागी घातली तर दुष्काळ, कारण पाणी तिथवर येणार नाही हे पक्ष्याला कळतं. चार अंडी म्हणजे पावसाचे चार महिने, आणि अंड्यांची टोकं खाली असतील तर सगळ्यात उत्तम. चाळीस वर्षं विम्यात काढलेला अधिकारी, दुष्काळाचे दावे हाताळलेला, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी सरकारी बोर्डावर दुष्काळाचं भाकीत लिहून नदीच्या पात्रात रोवलं होतं.

दुसऱ्याच रविवारी सकाळी पाच-सहा म्हातारे शेडपाशी आले. पांढरे साफे, हातात काठ्या. त्यांतला सगळ्यात वयस्कर आजा खाली बसला आणि त्यानं विचारलं, "साब, टिटोड़ी का अंडा कतरा छै?"

"चार," मी म्हणालो.

"नीचे छै? नदी में?"

बोर्ड तर पात्रातच होता. मी मान डोलावली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं काठी जमिनीवर अशी टेकली की मला पहिल्यांदा भीती वाटली. आजा म्हणाला की बाजरीचं बी आणायचं ठरलं होतं, आता कमी पावसावर येणारे मूग आणि गवारच पेरावेत की काय. मग उठला. म्हणाला, "चालो, दिखाओ. नोक कठीनै छै, देखां."

टोकं कुठल्या बाजूला आहेत ते त्यांना बघायचं होतं. मी सांगितलं की माणसं जवळ गेली तर पक्षी अंडी सोडून जाईल. तो दात नसलेल्या तोंडानं हसला. लहानपणापासून बघतोय, टिटवी कुठं जात नाही, म्हणाला. बायको खाली पाण्याशी उभी होती. तिच्या हातातली काठी स्थिर होती आणि ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं हे मला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात सुभेदार चढण चढून वर आला. हात पुसत म्हाताऱ्यांना म्हणाला, "बाबा, अंडे वहाँ नहीं हैं. साहब ने बोर्ड जानबूझकर दूर लगाया है, ताकि लोग असली जगह न जाएँ. आइए, मैं दिखाता हूँ." आणि तो त्यांना बोर्डाच्या उलट दिशेला घेऊन गेला. बंधाऱ्याच्या टोकाला, उंच बांधावर मुरमाचा एक सपाट तुकडा आहे, तिथं. मीही मागून गेलो, न जाऊन सांगतो कुणाला. टिटवी डोक्यावर किंचाळायला लागली. आणि तिथं खड्यांच्या मध्ये, खड्यांसारखीच ठिपकेदार, चार अंडी होती. टोकं खाली.

म्हाताऱ्यांचे चेहरे उजळले. उंच जागा, चार अंडी, टोकं खाली! आज्यानं अंड्यांना लांबूनच हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून माझ्या पाठीवर थाप मारली. "साब बडो स्याणो छै," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मी शहाणा ठरलो. गावातून दुपारी माझ्यासाठी ताक आलं, कांस्याचा मोठा लोटा भरून. मी ते प्यायलो.

सुभेदाराला ती जागा पंधरा दिवसांपासून ठाऊक होती. तो माणूस बघायचा आणि गप्प राहायचा. मी त्याला म्हणालो, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बोर्ड कशाला लावलाय ते मला समजलं होतं. मला वाटलं, तुमचा राग उतरला की तुम्हीच काढाल."

यापेक्षा त्यानं चारचौघांत माझं बिंग फोडलं असतं तर मी त्याला जास्त सहज माफ केलं असतं. माणूस आपल्यापेक्षा वरचढ आहे हे सोसवतं, पण तो आपल्यापेक्षा चांगला आहे हे सोसवत नाही. घरी येताना गाडीत मी वाट पाहिली की बायको आता बोलेल, आता बोलेल. सांगानेरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "भाजी घ्यायची का वाटेत?"

बोर्ड मी सोमवारी काढून टाकला. समितीला कळवलं की पिल्लं निघाली. तो दुसरा खोटेपणा, पण त्या आठवड्यात खरंच निघाली, म्हणजे देवानं माझी थोडी तरी लाज राखली. दोघं परत बाभळीखाली गेली. मी दुर्बीण कपाटात ठेवून दिली आणि होड्यांच्या फळ्यांना डांबर लावून घेतलं, दोरीचे फुटके डबे बदलले, घाटाच्या दोन सुटलेल्या पायऱ्या बसवून घेतल्या. इतकं चांगलं काम मी त्या नदीवर आधी केलं नव्हतं.

मग सुभेदाराच्या मुलाची बदली आली. पूर्वेकडं, फार लांब. म्हातारा म्हणाला की आता मुलाच्या मागं फिरणं पुरे, गावी जातो, घराचं छप्पर बघायला हवं. हे ऐकून माझ्या पोटात आनंदाची जी उकळी फुटली तिची मला आजही लाज वाटते, पण फुटली हे खरं. शेवटच्या रविवारी तो शेडमध्ये आला आणि त्यानं आपली गळाची काठी माझ्या हातात दिली. बायकोच्या नाही, माझ्या. "बायला एकटी बसवू नका साहेब," म्हणाला. बायको त्याच्या पाया पडली. तिनं त्याला काहीतरी सांगितलं, हळू, भराभर, आणि त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून गळ बंद असतो, त्याला दोन आठवडे उरले होते. त्या दोन्ही शनिवार-रविवारी मी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि बाभळीखाली तिच्या शेजारी जाऊन बसलो. त्याच्या जागेवर, त्याची काठी घेऊन. कणकेत हिंग मी स्वतः घातला. ती माझ्याशी छान वागली. गळ कसा धरायचा ते दाखवलं, दोरी सैल कधी सोडायची ते सांगितलं. तिला एक मोठा रोहू लागला. मी श्वास रोखून वाट बघितली. ती उभी राहिली, दोरी ओढली, सैल केली, पुन्हा ओढली, आणि म्हणाली, "अहो, जरा ती जाळी देता का?"

माशाशी ती एक शब्द बोलली नाही. मी जाळी दिली. आम्ही हात ओले केले, मासा धरला, सोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ऊन पाण्यावरून चमकत होतं म्हणून, असं मी तिला सांगितलं. तिनं रुमाल दिला.

धीर करून मी म्हणालो, "तू त्याच्याशी बोलायचीस तसं माझ्याशी बोल ना."

ती विचारात पडली. प्रयत्न केला असावा, कारण ओठ हलले. मग म्हणाली, "नाही हो येत. तुमचं तोंड बघितलं की येत नाही."

पावसाळ्यात नदी आम्हाला बंद झाली. पाऊस त्या वर्षी टिटवीच्या म्हणण्याप्रमाणे झाला, आज्याची बाजरी डोक्याइतकी वाढली आणि गावात माझा भाव आणखी वधारला. घरी मात्र ती जेवण झालं की गच्चीच्या दारात उभी राहायची. एका दुपारी मी वर्तमानपत्र वाचत असताना ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मी आचऱ्याला जाते म्हणते. बहिणीकडं. दोन महिने."

दोन महिने ती मला सोडून कधीच कुठं राहिली नव्हती. माझ्या तोंडून जे निघायला नको होतं तेच निघालं. "सुभेदारही तिकडंच ना?"

ती रागावेल असं वाटलं. रागावली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, दया येते तसं. "अहो, तिकडं सगळेच तसे असतात," ती म्हणाली.

एका माणसाचा मत्सर करून मी आधीच दमलो होतो. आता तिची बहीण, भाचे, शेजारी, तिठ्यावरचा दुकानदार, मासळी विकायला येणारी बाई, अशा सगळ्या सगळ्यांचा करायचा होता. मी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मी येऊ बरोबर?" मी विचारलं. "मासे खाईन म्हणशील तर खाईनसुद्धा."

ती हसली, पण माझ्या घरातलं हसली.

"नको," म्हणाली. "तुम्ही आलात की सगळे तुमच्यासारखं बोलायला लागतील."